कानाने ऐकून स्वच्छ

डोंगरावरच्या कुरणातून कळप उतरतो तेव्हा शेळ्या पुढे असतात. टोगनबुर्गच्या खोऱ्यात ही रीत कोणी मोडत नाही. आधी पांढऱ्या शेळ्या, मग पिवळी चामडी विजार घातलेला गुराखी, मग मोठ्या घंटा वागवणाऱ्या तीन मानाच्या गाई, आणि त्यांच्यामागे रस्ता शेणाने सारवत येणारं बाकीचं खटलं. सप्टेंबरातल्या त्या शनिवारी नोल्डी फोरर दरवर्षीच्या जागी, डेअरीच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. एका हातात भाजलेलं सॉसेज, दुसऱ्या हातात पाव. येणारा कळप त्याच्या सख्ख्या भावाचा होता. पूर्वी तो कळपाबरोबर चालत यायचा. गेली चार वर्षं मात्र परगावच्या पाहुण्यासारखा भिंतीपाशी उभा राहून बघत असे.

शेळ्या आल्या. प्रत्येकीच्या गळ्यात अंगठ्याएवढी पितळी घंटी होती. घंट्या हलत होत्या, पण आवाज नव्हता.

नोल्डीला हसू आलं. लहानपणी तो आणि थोरला भाऊ वेर्नी हाच चावटपणा करायचे. घंटीत गवताचा बोळा कोंबायचा, म्हणजे शेळी मुकी होते आणि बाप दिवसभर तिला शिव्या घालत रान पालथं घालतो. कुणीतरी ती जुनी खोडी पुन्हा काढलेली दिसते, असं मनाशी म्हणत तो वाकला, एका शेळीचा पट्टा धरला आणि घंटीत बोट घातलं. आत गवत नव्हतं. आतला लोलक मोकळा होता. शेळीने वैतागून मान झटकली, लोलक पितळेवर आपटला आणि घंटीची थरथर त्याच्या बोटाला जाणवली. फक्त बोटाला.

"शेळी विकत घेतोस की काय?" शेजारी उभी असलेली बेकरीवाली आन्नेलीस म्हणाली. "कशा किणकिणतायत बघ! मी तर वर्षभर याचीच वाट बघत असते."

"हो ना," नोल्डी म्हणाला.

मागून मानाच्या गाई आल्या. त्यांच्या गळ्यातल्या बादलीएवढ्या घंटांचा घुमारा त्याला नेहमीसारखा थेट छातीत ऐकू आला. म्हणजे कान गेले नव्हते. आवाजाच्या शिडीच्या वरच्या चार पायऱ्या कोणीतरी कापून नेल्या होत्या, इतकंच. वेर्नी समोरून गेला, काठी जराशी उचलून म्हणाला, "ये कधी घरी." पण थांबला नाही. नोल्डीने मान हलवली. हातातलं सॉसेज गार झालं होतं, ते त्याने डेअरीच्या कुत्र्याला देऊन टाकलं.

आता म्हातारपणी कान जातात, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण या माणसाचं सारं आयुष्य कानावर चाललं होतं.

गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, एक कारखाना आहे. एके काळी तिथे भरतकामाची यंत्रं व्हायची. आता विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटारी होतात, अंगठ्याएवढ्या, आणि त्यांतल्या काही अवकाशात जातात. एखादी चंद्रावरच्या गाडीचं चाक फिरवते, एखादी उपग्रहाचे पंख उघडते. एकदा गेली की गेली. तिथे कुणी मिस्त्री हातोडी घेऊन पोचायचा नाही. म्हणून पाठवण्याआधी त्या मोटारींचा असा काही सासुरवास करतात, की खऱ्या सासवांनी येऊन शिकावं. आधी थरथरत्या मेजावर बांधून हाडं खिळखिळी होईस्तोवर हलवायचं. मग पोलादी टाकीत कोंडून आतली सगळी हवा शोषून घ्यायची आणि आठ दिवस कधी गोठवायचं, कधी भाजायचं. एवढं सोसून बाहेर आली, की पुन्हा चालवून बघायची: वीज किती खाते, किती वेगाने फिरते, किती ओझं ओढते. हे सगळं यंत्रं मोजतात आणि कागदावर छापून देतात.

त्या कागदावरची शेवटची, एकतिसावी ओळ तेवढी कुठल्याच यंत्राची नव्हती. तिथे लिहिलेलं असे: 'कानाने ऐकून'. आणि पुढे नोल्डी आपल्या तिरक्या अक्षरात लिहीत असे: 'स्वच्छ'. त्याखाली सही.

त्याच्याकडे नासपतीच्या लाकडाची वीतभर काठी होती, एका टोकाला हातांनी गुळगुळीत झालेली. मोटार अगदी मंद फिरवायची, मिनिटाला साठ फेरे, काठीचं एक टोक तिच्या अंगाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला. बेअरिंगमधले छर्रे कसे लोळतायत ते त्याला समोर दिसल्यासारखं कळायचं. हा कान त्याला बापाच्या गोठ्यात मिळाला होता. डोंगरावर धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही. तेव्हा सात वर्षांचा नोल्डी झोपडीच्या दारात उभा राहून घंटा ऐकायचा आणि सांगायचा, "सगळ्या गाई आल्या, फक्त ब्लेस नाही आली." बाप म्हणायचा, "कळप वेर्नीचा, कान नोल्डीचे." वाटणी झाली तीही तशीच. वेर्नीला गाई आणि कुरण मिळालं, नोल्डी कान घेऊन कारखान्यात गेला.

बावीस वर्षांपूर्वी एका मोटारीचे सगळे आकडे उत्तम आले होते. नोल्डीने काठी लावली आणि म्हणाला, "ही किरकिरते." साहेब लोक हसले. उघडून बघितलं, तर बेअरिंगच्या खाचेत पुसायच्या फडक्याचा एक धागा निघाला. तेव्हापासून नोल्डीच्या कानाला खोऱ्यात देव्हाऱ्यातलं स्थान मिळालं. तो धागा तसाच आत ठेवून मोटार पुन्हा बंद केली, डबीत ठेवली आणि तिचं नाव ठेवलं रातकिडा. नियमही झाला, कागदावरची तिसावी ओळ: आधी रातकिडा ऐकायचा, त्याची किरकिर कानात पक्की बसवायची, मगच चांगल्या मोटारी ऐकायच्या.

पहिली बरीच वर्षं नोल्डीने तो नियम पाळला. मग त्याला वाटायला लागलं, साखर गोड आहे का हे हलवायाने रोज चाखून बघायचं असतं का? रातकिडा कपाटात राहिला. नोल्डी तिसाव्या ओळीपुढे नुसती खूण करायचा आणि काठी उचलायचा. एवढ्या मोठ्या कानाला कोण विचारणार होतं?

आणि याच गुरुवारी, शेळ्या उतरायच्या दोनच दिवस आधी, त्याने नऊ मोटारी ऐकून नऊ वेळा 'स्वच्छ' लिहिलं होतं.

रविवारचा दिवस त्याने घरात हिंडून काढला. मार्टा, त्याची बायको, जाऊन येत्या नोव्हेंबरात चार वर्षं होत होती. ती गेली तेव्हा घर एकदम शांत झालं, आणि ते साहजिकच आहे असं सगळे म्हणाले, त्यालाही तसंच वाटलं. वळचणीच्या पाकोळ्या गेल्या, त्या मार्टा नाही म्हणून. कुंपणाच्या गवतातले किडे गप्प झाले, ते शेजाऱ्याने औषध मारलं म्हणून. चहाची किटली शिट्टी देईना तेव्हा त्याने दुकानदाराला दोन शिव्या हासडून दुसरी आणली होती, मग तिसरी. त्या रविवारी त्याने तिन्ही किटल्या ओळीने चुलीवर ठेवल्या आणि समोर खुर्ची टाकून बसला. तिन्हींच्या तोंडातून वाफेचा फवारा उडायला लागला. खोली वाफेने भरली. त्याने एकेक करून चूल बंद केली. मग दार उघडून वळचणीखाली बघितलं. घरटी होती, खाली पायरीवर यंदाची विष्ठा होती. पाकोळ्या यंदाही येऊन, पिल्लं वाढवून, आता दक्षिणेला गेल्या होत्या. त्याच्या डोक्यावर अख्खा उन्हाळा कलकलाट चालला होता.

मग वेर्नीच्या संध्याकाळच्या शिळेचं काय, असा विचार आला, आणि तो त्याने दार लावावं तसा लावून घेतला.

वेर्नीचं कुरण त्याच्या घराच्या बरोब्बर वर, डोंगराच्या खांद्यावर. उन्हाळाभर संध्याकाळी सात वाजता, धार काढून झाली की, वेर्नी तोंडात दोन बोटं घालून दोनदा शीळ घालायचा. नोल्डी खालून, घराबाहेरच्या बाकावरून, तसंच उत्तर द्यायचा. 'मी ठीक, तू ठीक' एवढाच त्याचा अर्थ. पोरपणापासूनची ही रीत. फोन आले तरी सुटली नाही. मार्टा गेल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात मात्र कळप वर चढला, चार जून, पाच जून, दहा जून झाला, तरी शीळ नाही. नोल्डी महिनाभर बाकावर बसला. मग त्याने ठरवलं, विधुर भावाला रोज साद घालायचा वेर्नीला कंटाळा आला असेल. बाक त्याने लाकडाच्या खोपटात नेऊन टाकला. विचारायला काही तो गेला नाही.

सोमवारी तो सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचला. पांढरा झगा चढवला, टोपी घातली, स्वच्छ खोलीत जाऊन कपाटातून डबी काढली. डबीवर धूळ नव्हती, कारण त्या खोलीत धूळ नसतेच, पण झाकण चिकटून बसलं होतं. रातकिडा मेजावर बसवला, मिनिटाला साठ फेरे लावले, काठी लावली, डोळे मिटले.

मऊ, एकसारखी घूं. कुठे कचरा नाही, कुठे अडखळ नाही. आयुष्यात त्याने याहून चांगली मोटार ऐकली नव्हती.

त्याने काठी खाली ठेवली. नऊ मोटारी सीलबंद होऊन बुधवारच्या गाडीची वाट बघत होत्या. आकडे सगळे उत्तम. निवृत्तीला तीन वर्षं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर इतकी छान झाकलेली, की त्याची त्यालाच आजवर खबर नव्हती. पण त्या नवांच्या आधी, गेल्या चार-पाच वर्षांत त्रेचाळीस मोटारी त्याच्या 'स्वच्छ'वर गेल्या होत्या. त्यांतली एक या क्षणी चंद्रावरच्या थंड धुळीत कुठेतरी फिरत असेल. ती किरकिरत असली तरी तिथे हवाच नाही, ऐकणार कोण? असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घालून बघितली. ती पटली नाही.

खरं सांगायचं तर नोकरीची त्याला एवढी भीती नव्हती. भीती दुसरीच होती. दर दोन-तीन महिन्यांनी एक वेळ अशी यायची, की तो काठी कानामागे लावायचा आणि काचेपलीकडे सात-आठ माणसं श्वास रोखून उभी राहायची. तो मान हलवायचा आणि ती हसायची. जगात एवढं एकच ठिकाण उरलं होतं जिथे त्याच्या शब्दाची कुणी वाट बघायचं. ते गेलं की मग घर, आणि घरात तीन किटल्या.

नऊच्या कॉफीच्या वेळी रेगुला स्वच्छ खोलीत आली. रेगुला नेफ ही सगळ्या चाचण्यांची प्रमुख, चाळिशीची, बोलायला फटकळ. या कारखान्यात झाडणाऱ्यापासून मालकापर्यंत सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात.

"उद्या गिऱ्हाईकाकडचे दोघं येतायत," ती म्हणाली. "त्यांना तुझ्या काठीबरोबर फोटो हवाय. तेव्हा केस जरा विंचरून ये. मागच्या फोटोत तू झाडावरून पडल्यासारखा दिसत होतास."

"रेगुला, दार लाव."

"का? लग्नबिग्न ठरलं की काय?"

"दार लाव."

तिने दार लावलं. नोल्डी म्हणाला, "गुरुवारच्या नऊ मोटारी मी ऐकल्या नाहीत."

"मी काचेतून बघत होते. नऊच्या नऊ ऐकल्यास."

"काठी लावली. ऐकलं नाही. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, रेगुला."

ती हसली. त्याच्या तोंडाकडे बघून तिचं हसू विरलं. रातकिडा मेजावर होताच. त्याने तो सुरू केला आणि काठी तिच्या हातात दिली. तिने ती कानामागे लावली आणि पोळल्यासारखी लगेच काढली.

"शी! केवढी किरकिर ही!"

'केवढी' हा शब्द नोल्डीला लागला. बारीकशी, असं म्हणाली असती तरी चाललं असतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"माहीत नाही. हा मी पाच वर्षांत डबीतून काढला नव्हता."

रेगुलाने मागच्या मोटारींचे कागद चाळले. "तिसाव्या ओळीपुढे दरवेळी खूण आहे."

"खूण मीच केली."

तिने कागद खाली ठेवले. मग म्हणाली, "कान कुणाचेही जातात, नोल्डी. ते मी समजू शकते. खूण मला समजत नाही."

"मलाही नाही."

तिने फोन करून बुधवारची गाडी रद्द केली, गिऱ्हाईकाला येऊ नका म्हणून सांगितलं. का, ते नंतर लिहिते म्हणाली. मग दोघांनी नऊ डब्यांची सीलं फोडली. नोल्डी एकेक मोटार मेजावर बसवायचा, फेरे लावायचा, रेगुला ऐकायची. आधी रातकिडा, मग मोटार, पुन्हा रातकिडा, मग पुढची. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. बावीस वर्षं लोकांनी त्याच्या चेहऱ्याकडे असं बघितलं होतं. बघणाऱ्याचं काळीज कुठे असतं ते त्याला आज कळलं.

पहिली, दुसरी, तिसरी. ती मान हलवायची. चौथी, पाचवी. सहाव्या मोटारीला तिची भुवई उचलली गेली.

"हळू कर अजून."

त्याने हळू केली.

"रातकिड्याएवढं नाही. पण फेऱ्याच्या शेवटी, मधूनच... हे बघ, आत्ता! ऐकलंस?" आणि सवयीने तिने काठी त्याच्यापुढे धरली.

दोघंही थांबले. तिचे कान लाल झाले. काठी मागे घ्यावी की तशीच धरावी, तिला कळेना. नोल्डीने ती हळूच तिच्या हातातून घेतली, कानामागे लावली आणि नीट, पुरता मिनिटभर ऐकलं. तिला वाईट वाटू नये म्हणून. मग काठी परत दिली.

"उघडायला हवी ती," तो म्हणाला.

मंगळवारी दुपारी भिंगाखाली निघाला तो धातूचा एक कीस, केसाच्या चौथाईइतका, छर्‍यांच्या वाटेत आडवा पडलेला. कदाचित त्याचं काहीच झालं नसतं. कदाचित उणे दीडशे अंशांत चाक अडलं असतं आणि एवढी मोठी गाडी एका किसापायी चंद्रावर बसून राहिली असती. कोण सांगणार? उरलेल्या आठ स्वच्छ निघाल्या. त्रेचाळीस मोटारींसाठी सात गिऱ्हाइकांना पत्रं गेली, आणि प्रत्येक पत्रात नोल्डीचं नाव आणि तिसावी ओळ होती. मालक एवढंच बोलला, की हे तू स्वतः सांगितलंस म्हणून आपण अजून बसून बोलतोय. पुढे काय करायचं ते महिनाअखेर बघू, म्हणाला. कॉफीच्या वेळी लोक नेहमीपेक्षा जास्त नम्रपणे बोलायला लागले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवारी सुट्टी व्हायच्या वेळी नोल्डी झगा काढून खुंटीला लावत होता. अचानक खांद्यावर हात पडला. वळून बघितलं तर रेगुला. हात तसाच ठेवून, त्याचं लक्ष गेलंय हे बघून मग ती म्हणाली, "मी मागून दोनदा हाक मारली. कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय तुझी, सोमवारी. आणि सही आता नाही. पण ऐकायचं कसं ते मला शिकव. मला सहावी कळली, तीही रातकिडा पुढ्यात होता म्हणून."

"शिकवीन," तो म्हणाला. पण त्याचं लक्ष तिच्या हातावर होतं.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत मार्टा असाच हात ठेवायची. काही बोलायचं असलं की जवळ यायची, खांद्यावर हात ठेवायची, तो वळला की मगच बोलायची. त्याला वाटायचं, वय झालं तशी ती मायाळू झालीय. माया होतीच. पण तिला कळलं होतं. तिला सगळं कळलं होतं, आणि खोऱ्यातल्या नामांकित कानाला तू बहिरा होतोयस असं तिने तोंडावर सांगितलं नाही. नोल्डी सायकलपर्यंत गेला आणि तिथे त्याला थांबावं लागलं. डोळे भरून आले होते आणि दिसत नव्हतं.

त्याने सायकल घराकडे वळवली नाही.

वेर्नीचा हिवाळी गोठा खोऱ्यात, ओढ्यापलीकडे. उजेड अजून होता. आत चौदा गाई ओळीने बांधलेल्या, माना गव्हाणीत घालून गवत खात होत्या. वेर्नी धारेचं यंत्र धूत होता. नोल्डीला दारात बघून त्याने पाण्याची नळी बंद केली.

"कोण हे? रस्ता चुकलास का?"

"एक विचारायचंय."

"चार वर्षांनी एक. विचार. बस त्या बादलीवर, पालथी कर."

नोल्डी बसला नाही. "तू शीळ घालायची का सोडलीस?"

वेर्नीने हातातला फडका खाली ठेवला. "मी?"

"मार्टा गेल्यावरच्या उन्हाळ्यात. मी बाकावर बसायचो. महिनाभर बसलो."

"मी सोडली?" वेर्नीचा आवाज चढला, तो नोल्डीला ऐकू आला. "अरे गाढवा, गेल्या शुक्रवारपर्यंत घातलीय! रोज सात वाजता, दोनदा. पाऊस असो, गारा असोत. उत्तर तू देत नाहीस! माझी बायको म्हणते, सोड आता, त्याला नकोयत माणसं. मी म्हटलं, त्याला नको तर नको. मला घालायचीय."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू का नाही विचारलंस?"

याला फोररांच्या घरात उत्तर नसतं. त्यांचा बापही आपल्या भावाशी अकरा वर्षं बोलला नव्हता, आणि कशावरून ते दोघंही विसरले होते.

"मला ऐकू येत नाही, वेर्नी," नोल्डी म्हणाला. "शेळ्यांच्या घंट्या येत नाहीत. पाकोळ्या येत नाहीत. मला वाटलं, सगळं बंद पडलंय."

वेर्नी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने दोन बोटं विजारीला पुसली, तोंडात घातली, आणि गाल फुगवले. त्याचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा टरारल्या. नोल्डीने कान टवकारले, डोळे बारीक केले, श्वास धरला. गोठ्यात सारं तसंच होतं. पण चौदाच्या चौदा माना एकदम गव्हाणीतून वर आल्या आणि वेर्नीकडे वळल्या. दारातला कुत्रा ताडकन उठून बसला.

वेर्नीने बोटं काढली. "आली?"

नोल्डीने मान हलवली. नाही.

वेर्नीला कुठे बघावं कळेना. त्याने उगाच बादली उचलली, पुन्हा तिथेच ठेवली. गाईंनी माना परत गव्हाणीत घातल्या.

मग नोल्डीने आपली दोन बोटं तोंडात घातली. ओठांना ती जागा अजून आठवतेय की नाही, त्याला माहीत नव्हतं. त्याने पोटातून फुंकलं. बोटांवर नुसती ऊन हवा लागली, बाकी काही नाही. त्याने दुसऱ्यांदा फुंकलं, आणि गाईंकडे बघितलं.

सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या.